राजभाषा आणि जनभाषा : फ्रेंच भाषेच्या विस्तारापासून घ्यावयाचा पाठ

राज्य जिंकण्यास सैन्य लागतें. जिंकलेलें राज्य चालविण्यास भाषा लागते. सैन्य एक ना एक दिवस परत जातें, भाषा मात्र सहसा परत जात नाहीं. या विधानाचा पुरावा पाहावयाचा असेल तर फ्रेंच भाषेच्या इतिहासाइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. आफ्रिका खंडांतील बहुतेक फ्रेंच वसाहती १९६० सालीं स्वतंत्र झाल्या व अल्जीरिया १९६२ सालीं मुक्त झाला. तेथील कचेऱ्यांवरून फ्रान्सचें निशाण उतरलें, पण कचेऱ्यांच्या आंतील दप्तर बहुतेक ठिकाणीं फ्रेंचमध्येंच चालूं राहिलें. फ्रेंचभाषी देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०२२ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें ३२ कोटी १० लक्ष लोकांस फ्रेंच भाषा अवगत आहे. फ्रान्स देशाची लोकसंख्या तर सात कोटींच्या आंत आहे. म्हणजे ही भाषा जाणणारे बहुसंख्य लोक फ्रान्सच्या बाहेरचे होत. असें कां व्हावें, आणि त्यापासून नीरेच्या कांठीं किंवा तोरण्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या विद्यार्थ्यानें काय शिकावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहोंत.

भोर व वेल्हे या भागांस हा विषय परका नाहीं. राज्य आणि भाषा यांचा संबंध काय असतो, हें सांगणारा एक शब्द आपल्या गांवाच्या इतिहासांत पिढ्यान् पिढ्या वावरत आला आहे. तो शब्द म्हणजे 'सचिव'. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापूर्वीं या अधिकाऱ्यास 'सुरनीस' म्हणत. पेशवा, मुजुमदार, डबीर, सरनोबत हीं नांवेंहि त्याच फारसी वळणाचीं. कारण उघड आहे. दक्षिणेंतील सुलतानांच्या दरबाराची भाषा फारसी होती, आणि ज्यास दरबारीं काम त्यास त्या भाषेचे शब्द घेणें प्राप्त होतें. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हां पेशव्यास मुख्य प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत व सरनोबतास सेनापति अशीं नांवें देण्यांत आलीं. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितानें 'राज्यव्यवहारकोश' रचिला. त्यांत राज्यकारभारांतील सुमारें चौदाशें यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. ज्या राजगडावर रायगडापूर्वींची राजधानी होती तो वेल्हे तालुक्यांत, आणि पुढें सचिवपदाचा वारसा ज्या शंकराजी नारायणांच्या घराण्याकडे आला तें घराणें भोरचें. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोंपर्यंत भोरचे राजे 'पंतसचिव' याच नांवानें ओळखले जात. भाषेविषयींच्या एका राजकीय निर्णयाचा ठसा इतका दीर्घकाळ टिकला.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. कोश झाला, पदांचीं नांवें बदललीं. तथापि 'पेशवा' हा शब्द गेला नाहीं, उलट पुढें तोच सर्वांत मोठा झाला. जमीन, कागद, वकील, फिर्याद, तारीख, महसूल हे शब्द आजहि आपल्या तोंडीं आहेत. २०२४ सालीं शासनानें वेल्हे तालुक्यास 'राजगड' हें नांव देण्याचा निर्णय घेतला. नांव बदललें तरी त्यापुढील 'तालुका' हा शब्द मूळचा अरबीच राहिला. शिवाय अमात्य व सुमंत हे शब्द नांगर धरणाऱ्या मावळ्याच्या तरी रोजच्या बोलण्यांतले कोठें होते? तात्पर्य, राजाज्ञेनें दप्तराची भाषा पालटतां येते. लोकांच्या जिभेवरील शब्द त्यांच्या गरजेनें येतात आणि गरजेनेंच जातात. हें सूत्र मनांत धरून आतां फ्रान्सकडे वळूं.

आज फ्रेंच ही फ्रान्सची स्वाभाविक भाषा आहे असें आपणांस वाटतें. पूर्वीं तसें नव्हतें. त्या देशांत ब्रेतों, बास्क, ऑक्सितां, अल्सासी अशा अनेक भाषा नांदत होत्या, आणि पॅरिसच्या आसपासची भाषा ही त्यांपैकीं एक होती. १५३९ सालीं राजा पहिला फ्रान्सिस यानें न्यायालयांतील व सरकारी कागदपत्र लॅटिनऐवजीं फ्रेंचमध्यें लिहावे असा हुकूम काढिला. १६३५ सालीं कार्दिनाल रिशल्यू यानें फ्रेंच अकादमी स्थापून शब्दांची पारख करणारी पेढीच उघडली म्हणावयाची. १७१४ च्या राष्टाटच्या तहापासून युरोपांतील राजेरजवाड्यांचे तह फ्रेंचमध्यें लिहिण्याचा प्रघात दृढ झाला. परंतु खुद्द फ्रान्समधील सामान्य जनता ती भाषा बोलत होती काय? राज्यक्रांतीच्या काळांत, १७९४ सालीं, आबे ग्रेग्वार यानें राष्ट्रीय सभेपुढें एक अहवाल ठेविला. त्याच्या मतें निदान साठ लक्ष फ्रेंच नागरिकांस ती भाषा मुळींच येत नव्हती, आणि ती शुद्ध बोलणारे तीस लक्षांहून अधिक नव्हते. यावर त्यानें सुचविलेला उपाय असा कीं, प्रांतोप्रांतींच्या बोली समूळ नाहींशा कराव्या.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हा ग्रेग्वार कोणी जुलमी पुरुष नव्हता. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून झटणाऱ्यांत तो अग्रेसर होता. ज्यास कायद्याची भाषा समजत नाहीं, त्यास आपले हक्क कसे समजणार, असा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. परंतु कायदा शेतकऱ्याच्या भाषेंत नेण्याऐवजीं शेतकऱ्याची भाषाच मोडण्याचा मार्ग त्यानें सुचविला. सद्‌हेतूच्या पोटींहि अन्याय जन्मास येतो तो असा. पुढें १८८२ च्या सुमारास प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें आणि या विचारास शाळेचें बळ मिळालें. ब्रितानी प्रांतांतील शाळांत मूल आपल्या आईच्या भाषेंत बोललें कीं त्याच्या गळ्यांत शिक्षेची खूण म्हणून लांकडी जोडा किंवा तसाच एखादा पदार्थ अडकवीत. दुसरा कोणी तसा बोलतांना सांपडला कीं ती खूण त्याच्या गळ्यांत जाई, आणि दिवसाअखेर ज्याच्याजवळ ती राही त्यास शिक्षा होई. शिक्षकास पाळत ठेवण्याचें कारणच उरलें नाहीं. मुलेंच एकमेकांवर पाळत ठेवूं लागलीं. हाच प्रकार पुढें पश्चिम आफ्रिकेंतील शाळांत जसाच्या तसा उचलण्यांत आला. म्हणजे जें औषध प्रथम घरांतल्यांस पाजलें, तेंच मागाहून वसाहतींस पाजलें.

वसाहतींत फ्रेंच भाषेचें काम दुहेरी होतें. ती थोड्यांस वर नेणारी शिडी होती आणि बहुतेकांस बाहेर ठेवणारी भिंत होती. अल्जीरियावर फ्रान्सनें १८३० सालीं स्वारी केली. १९३८ सालीं एका हुकुमानें तेथील शिक्षणांत अरबी ही परकी भाषा ठरविण्यांत आली. आपल्याच देशांत आपली भाषा परकी ठरावी, याहून विचित्र तें काय? हैतीची कथा याहूनहि जुनी. तेथील गुलामांनीं बंड करून १८०४ सालीं स्वातंत्र्य मिळविलें. त्या स्वातंत्र्यास मान्यता देण्याबद्दल फ्रान्सनें १८२५ सालीं त्यांच्यावर १५ कोटी फ्रँकांचा बोजा लादिला. पुढें तो ९ कोटींवर आणण्यांत आला. पैशाचें हें ऋण सर्वांस दिसतें; भाषेचें ऋण दिसत नाहीं. जवळजवळ प्रत्येक हैतीवासी क्रिओल बोलतो. तरी त्या भाषेस फ्रेंचच्या बरोबरीनें राजभाषेचा मान मिळावयास १९८७ साल उजाडावें लागलें.

मग स्वतंत्र झाल्यावर या देशांनीं फ्रेंच टाकून कां दिली नाहीं? कारण एकेका देशांत अनेक भाषा. त्यांपैकीं एकीस उचलावें तर बाकीच्या रुसतात. परकी भाषा सर्वांस सारखीच परकी, म्हणून तीच पत्करावी असा विचार झाला. शिवाय ज्या शिकलेल्या वर्गाच्या हातीं सत्ता आली, त्याची सत्ता ती भाषा येण्यावरच उभी होती. सेनेगलचे अध्यक्ष सेंघोर हे स्वतः फ्रेंच भाषेचे मोठे कवि होते. १९८३ सालीं ते फ्रेंच अकादमीवर निवडले गेले. त्यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकारानें २० मार्च १९७० रोजीं नायजरची राजधानी न्यामे येथें फ्रेंचभाषी देशांची संस्था स्थापन झाली. तीच आजच्या संघटनेचें मूळ होय. उलट त्याच सेनेगलमधील लेखक उस्मान सेम्बेन यांनीं, आपलीं पुस्तकें आपल्या लोकांस वाचतां येत नाहींत हें पाहून, बोलपटाचा मार्ग धरिला आणि १९६८ सालीं वोलोफ भाषेंत चित्रपट काढिला. अल्जीरियाचे कातेब यासिन यांनीं फ्रेंचला युद्धांत मिळालेली लूट म्हटलें. शत्रूकडून घेतलेलें शस्त्र आपल्या कामीं लावावें, हा त्यांचा आशय. ही उपमा मराठी मनास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अलीकडे वारें फिरूं लागलें आहे. रुवांडानें २००८ सालीं शिक्षणाचें माध्यम फ्रेंचऐवजीं इंग्रजी केलें. तरीहि १९ सालच्या आरंभीं, म्हणजे २०१९ मध्यें, फ्रेंचभाषी संघटनेचें मुख्य चिटणीसपद रुवांडाच्याच एका बाईंकडे गेलें. माली देशानें २०२३ सालीं नव्या राज्यघटनेनें फ्रेंचचें राजभाषापद काढून तिला केवळ कामकाजाची भाषा केलें. बुर्किना फासोनें २०२४ सालीं तोच मार्ग धरिला, आणि नायजरनें २०२५ सालीं हौसा ही राष्ट्रभाषा ठरविली. ज्या न्यामे शहरांत संस्था जन्मली, त्याच देशानें २०२५ च्या मार्चमध्यें संघटना सोडण्याचें जाहीर केलें. या तिन्ही देशांत लष्करी राजवटी आहेत, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. भाषेच्या न्यायाचा प्रश्न खरा असला, तरी तो सत्तेच्या हातीं निशाण म्हणूनहि वापरला जातो.

आतां आपल्या माणसांकडे येऊं. फ्रेंच भाषेच्या छायेंत राहण्याचा प्रसंग ज्या मराठी लोकांवर आला, ते मॉरिशस बेटांतील मराठी लोक होत. हें बेट फ्रेंचांनीं १७१५ सालीं घेतलें. १८१० सालीं इंग्रजांनीं तें जिंकिलें, पण शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे व रूढी राखण्याचें वचन दिलें. परिणाम असा झाला कीं राज्य इंग्रजांचें, आणि जमीन, साखरेचे कारखाने, वर्तमानपत्रें व प्रतिष्ठा मात्र फ्रेंच बोलणाऱ्यांची. गुलाम व मालक यांच्या व्यवहारांतून उत्पन्न झालेली क्रिओल ही सामान्य जनांची भाषा. १८३५ सालीं तेथील गुलामगिरी बंद झाली. तिच्या जागीं १८३४ पासूनच हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले मजूर उसाच्या मळ्यांवर नेण्यांत येऊं लागले होते. एकंदर साडेचार लक्षांच्या आसपास माणसें अशीं गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतील मराठी लोकहि होते.

या लोकांस तेथें एकाच वेळीं चार भाषांस तोंड द्यावें लागलें : सोबत्यांची भोजपुरी, मळ्यावरची क्रिओल, मालकाची फ्रेंच आणि सरकारची इंग्रजी. त्यांत आपली मराठी ही पांचवी. बंदरावरील कारकून जें नांव ऐकेल तें रोमन लिपींत टिपून घेई. पुढें बापाचें किंवा आजाचें तेंच नांव वंशाचें आडनांव होऊन बसे, आणि गांवाकडील मूळ आडनांव विसरलें जाई. विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मराठी बोलूं नये असा हुकूम तेथें कोणी काढिला नाहीं. गळ्यांत लांकडी जोडाहि कोणी अडकविला नाहीं. तरी दोन-तीन पिढ्यांत बहुतेक मराठी घरांतील मुलें क्रिओल बोलूं लागलीं. कारण खेळगडी त्या भाषेंत बोलत, मजुरी त्या भाषेंत मिळे, आणि वर चढावयाचें तर फ्रेंच व इंग्रजी लागे. भाषा मारण्यास नेहमीं जुलूमच लागतो असें नाहीं. तिला काम न देणें पुरेसें होतें.

तथापि तेथील मराठी समाजानें हार मानिली नाहीं. भजनांत, गणेशोत्सवांत आणि कोंकणच्या जाखडीशीं नातें सांगणाऱ्या 'झाकरी' नाचांत मराठी शब्द टिकून राहिले. गणेशचतुर्थी ही तेथें सार्वजनिक सुटी आहे. १२ मार्च १९६८ रोजीं देश स्वतंत्र झाला. १९७० सालीं महात्मा गांधी संस्था स्थापन झाली, आणि तेथें मराठीच्या अध्ययनाची सोय आहे. प्राथमिक शाळांतूनहि मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाते. म्हणजे जी भाषा आईच्या मांडीवर शिकावयाची, ती आतां शाळेच्या बाकावर शिकावी लागते. हें दुःखाचें आहे खरें, पण शंभर वर्षांहून अधिक काळ समुद्रापलीकडे राहून जे हा खटाटोप करितात, त्यांच्याविषयीं आम्हांस आदरच वाटतो. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या क्रिओलमुळें मराठी मागें पडली, ती क्रिओलहि फ्रेंचपुढें गांवढळ मानली जात होती. तिला शाळेंत विषय म्हणून प्रवेश मिळाला तो २०१२ सालीं. मोठी भाषा लहान भाषेस लोटते, आणि ती लहान भाषा आपल्याहून लहान भाषेस लोटते, अशी ही उतरंड आहे.

या उतरंडींत कोणाचीहि जागा कायमची नसते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत फ्रेंच हीच दुबळी बाजू होती. चोहोंकडे इंग्रजीचा वेढा, आणि कारखान्यांतील वरिष्ठांची भाषा इंग्रजी. म्हणून १९७७ सालीं त्या प्रांतानें कायदा करून फ्रेंच ही शाळेची, दुकानाची व कामकाजाची भाषा ठरविली. आफ्रिकेंत जी भाषा दाबणारी, तीच येथें दबलेली. आणि ज्या इंग्रजीचा हा वेढा, तिची तरी पूर्वकथा काय? १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर तीनशें वर्षें तेथील न्यायालयांत फ्रेंच चालली. १३६२ सालीं कायद्यानें इंग्रजीस तेथें प्रवेश मिळाला. भोरच्या स्थानकावर आपण जें 'तिकीट' मागतों आणि बाजारांत ज्या 'हॉटेला'ची पाटी वाचतों, ते शब्द इंग्रजीनें फ्रेंचकडूनच घेतलेले आहेत. फार काय, परक्यास आपण 'फिरंगी' म्हणतों, त्या शब्दाचें मूळहि ज्यांच्यावरून फ्रान्स देशास नांव पडलें त्या फ्रँक लोकांच्या नांवांत आहे. म्हणून भाषांचा द्वेष करणें हें अज्ञानाचें लक्षण होय. दोष भाषेचा नसतो. तिच्या आधारानें कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर ठेवावें, हें ठरविणाऱ्या सत्तेचा असतो.

आतां आपल्या घराकडे पाहूं. महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे; ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा मान मोठा आहे. परंतु वेल्ह्याच्या डोंगरवाडीवरून शाळेंत येणारा मुलगा 'व्हता' किंवा 'न्हाई' म्हणाला कीं वर्गांत हंशा पिकतो. तो हंसणारा विद्यार्थी उद्यां शहरांत इंग्रजी अडखळत बोलतो, तेव्हां त्याच्यावर दुसरे हंसतात. हीच ती उतरंड. गळ्यांतील लांकडी जोडा आपल्या शाळांत नसेल, पण हंशाचा जोडा तितकाच जड असतो. प्रमाण मराठी प्रत्येकानें शिकलीच पाहिजे, कारण ग्रंथ, अर्ज व न्याय यांची ती वाट आहे. इंग्रजीहि शिकावी, आणि ज्यास साधेल त्यानें फ्रेंचहि अवश्य शिकावी, कारण तिच्यांत थोर वाङ्मय आहे. मात्र नवी भाषा शिकणें म्हणजे जुन्या भाषेची लाज बाळगणें नव्हे. राब, तरवा, खाचर, इरलें हे शब्द ज्यास येतात, त्यास भातशेतीचें एक संपूर्ण शास्त्र येतें. ते शब्द गेले तर त्यांच्यामागील ज्ञानहि जाईल, आणि तें परत आणावयास कोणताहि कोश पुरा पडणार नाहीं.

मॉरिशसच्या मराठी लोकांपासून आपण हेंच शिकावें. भाषा हुकुमानें जगत नाहीं आणि केवळ अभिमानानेंहि जगत नाहीं. ती कामानें जगते. पत्र मराठींत लिहावें, हिशेब मराठींत ठेवावा, शास्त्राचा विषय मराठींत समजावून सांगतां येतो कीं नाहीं तें करून पाहावें. रघुनाथपंडितानें राजाच्या दप्तरासाठीं कोश रचिला. आपल्या खोऱ्यांतील बोलीचा कोश अद्याप आजीआजोबांच्या मुखींच आहे. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या गांवचे पन्नास शब्द अर्थासह लिहून आणिले, तर पुढील अंकास आम्ही मोठ्या आनंदानें तो संग्रह देऊं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. 'सुरनीस' या पदाचें 'सचिव' कसें झालें? या बदलांतील कोणतीं नांवें टिकलीं व कोणतीं टिकलीं नाहींत?

२. ग्रेग्वार याच्या हेतूंत योग्य काय होतें व उपायांत अयोग्य काय होतें, तें सांगा.

३. मॉरिशसमध्यें मराठीवर बंदी नसतांहि ती घरांतून कां मागें पडली?

४. सेनेगल व क्वेबेक येथील फ्रेंच भाषेच्या स्थितींतील भेद लिहा.

५. तुमच्या घरीं बोलले जाणारे, पण पाठ्यपुस्तकांत न आढळणारे दहा शब्द अर्थासह लिहा.